रानगुलाबाचे फळ : संशोधन आणि विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत धर्मार्थ दवाखान्याच्या वैद्यकीय सल्लागारांनी दिलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या ट्रस्टने जी कार्ये उभी केली, त्यांत दवाखान्याचे स्थान मोठे आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी औषधदानाची परंपरा तेथे अखंड चालू आहे. त्या दवाखान्यात एका आजींनी मला विचारलेल्या प्रश्नातूनच आजचा विषय सुचला. त्यांचे गुडघे झिजलेले होते. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक त्यांना एका आसनावर बसून करता येत नव्हते, याचे दुःख त्यांना वेदनेपेक्षाही अधिक होते. नातवाने आणून दिलेली एक कुपी पुढे करून त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, ही कॅप्सूल कशापासून केली आहे हो ? मला चालेल का ?”

मी लेबल वाचले. आत ग्लुकोसामाइन होते. सांधेदुखीसाठी सर्रास घेतला जाणारा हा पदार्थ बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून तयार करतात. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातडीहाडांपासून केलेले होते. आजींनी ती कुपी बाजूला ठेवली. “मग वनस्पतीचे काही आहे का ?” हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मी रानगुलाबाच्या फळापर्यंत पोहोचलो.

आपल्याला गुलाब म्हटला की गुलकंद आठवतो. परंतु गुलकंद पाकळ्यांचा असतो. येथे विषय फळाचा आहे. युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेत कुंपणांच्या कडेने ‘रोझा कॅनिना’ नावाचा काटेरी रानगुलाब वाढतो. त्याची फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची फुले गळून गेली की शरद ऋतूत बोराएवढी लालभडक फळे धरतात. इंग्रजीत त्यांना ‘रोझ हिप’ म्हणतात. इंग्रजीत या झाडाचे नाव ‘कुत्र्याचा गुलाब’ असे आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने याचे मूळ पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उपयोगी पडते, असे लिहून ठेवले होते. ही समजूत खोटी होती. त्या रोगापासून माणसाला वाचवणारी लस १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी दिली. एखादी गोष्ट प्राचीन ग्रंथात आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हा धडा या वनस्पतीच्या नावातच आहे.

तिचा दुसरा गुण मात्र कसोटीला उतरला. क जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर ग्रॅम रानगुलाबफळांत हे जीवनसत्त्व सुमारे ४०० मिलिग्रॅम, तर संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बाहेरून संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा १९४१ पासून तेथील शासनाने मुलांना व स्त्रियांना रानावनांतून ही फळे वेचायला लावली आणि त्यांचा पाक करून तान्ह्या मुलांना दिला. फळातील बारीक केस घशाला खाजवतात, म्हणून हा पाक काळजीपूर्वक गाळावा लागे.

सांधेदुखीवरील आधुनिक संशोधन मुख्यतः डेन्मार्कमध्ये झाले. दाह झालेल्या जागी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात, आणि त्या अती झाल्या की त्यांच्या स्रावांनी सांध्याचीच हानी होते. गुलाबफळाच्या भुकटीने या पेशींची धाव मंदावते, असे खराझमी व विन्थर या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. २००३ मध्ये त्या फळातून ‘गॅलॅक्टोलिपिड’ वर्गातील एक द्रव्य वेगळे काढण्यात आले; तेही हेच कार्य करते असे दिसले.

परंतु काचेच्या नळीत दिसलेले माणसाच्या गुडघ्यातही घडेलच असे नाही. म्हणून रुग्णांवर चाचण्या झाल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झिजेचा संधिवात असलेल्या ९४ रुग्णांना रोज पाच ग्रॅम भुकटी तीन महिने देण्यात आली, आणि तितकाच काळ तशीच दिसणारी पण निर्गुण भुकटी देण्यात आली. केव्हा कोणती दिली आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. खऱ्या भुकटीच्या काळात वेदना कमी झाल्या व वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. २००८ मध्ये अशा तीन चाचण्यांचा, म्हणजे एकूण २८७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास झाला. लाभ खरा, पण बेताचा, असा त्याचा निष्कर्ष होता. साधारण सहा जणांनी भुकटी घेतली तर निर्गुण भुकटीच्या तुलनेत त्यांतील एकास अधिकचा गुण येतो.

बंधुभगिनींनो, आता या संशोधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या तिन्ही चाचण्यांना भुकटी बनवणाऱ्या कंपनीचेच साहाय्य होते. त्यांचा कालावधी काही महिन्यांचाच होता. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते, असे त्यांनी दाखवलेले नाही. आमवाताच्या ८९ रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत दैनंदिन हालचाली किंचित सुधारल्या, पण वेदनेत स्पष्ट फरक पडला नाही. म्हणून “गुलाबफळाने सांधेदुखी बरी होते” हे वाक्य असत्य आहे, आणि “या सगळ्या भूलथापा” हेही असत्यच आहे. अमुक आजारात, अमुक मात्रेत, अमुक काळ घेतल्यास काहींना काही प्रमाणात आराम मिळतो, एवढेच म्हणता येते. अपेक्षेसह बोलावे, ही अनेकान्ताची शिकवण आपल्याला नवी नाही. औषधाच्या जाहिरातीपुढे मात्र आपण ती विसरतो.

आजींच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही अपेक्षेसहच द्यावे लागले. हे औषध वनस्पतिजन्य आहे हे खरे. तरी डेन्मार्कमध्ये अभ्यासलेली भुकटी फळाच्या गरासोबत त्याच्या बियांचीही असते, आणि या फळात बिया पुष्कळ असतात. अभक्ष्यांत बहुबीज फळांची गणना आहे. तेव्हा औषध म्हणून ते घ्यावे की नाही, याचा निर्णय मी डॉक्टर म्हणून देऊ शकत नाही. आजींनी महाराजसाहेबांना विचारावे, असे मी सुचवले. सुटी भुकटी मिळाली तर आवरणाचा प्रश्न उरत नाही. कॅप्सूलच घ्यायची झाल्यास वनस्पतिजन्य आवरणाच्याही मिळतात. ग्लुकोसामाइनदेखील आता मक्यापासून किण्वनाने तयार होते. मात्र विचारल्याशिवाय यातले काहीच कळत नाही.

आणखी एक सावधगिरी सांगतो. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण व रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. म्हणून सौम्य पर्यायाचा शोध योग्यच आहे. परंतु चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि गुडघ्यांसाठी योग्य व्यायाम व वजनावर नियंत्रण यांना पर्याय नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या दवाखान्यात एक फलक लावावा आणि त्यावर तीन प्रश्न लिहावेत : हे औषध कशापासून केले आहे ? ते कोणावर व कसे तपासले आहे ? ती तपासणी कोणाच्या पैशाने झाली ? जयणा आपण पाणी गाळताना पाळतो, पाऊल टाकताना पाळतो. औषध निवडतानाही ती पाळली जावी.

त्या आजी आता खुर्चीवर बसून सामायिक करतात. गुडघा दुखतोच, पण सामायिक चुकत नाही, असे त्या परवाच म्हणाल्या.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

॥ जय जिनेंद्र ॥