‘कोण गं तो?’ : प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचा दिवस

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींनो,

तुरीची कापणी चालू आहे, कापसाची वेचणी अजून उरली आहे, तरी तुम्ही दोन तास काढून आलात. ते दोन तास कुठून काढले, हे तुमचं तुम्हालाच माहीत. म्हणून आज मी त्या वेळाबद्दलच बोलणार आहे.

सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण दरवर्षी शिक्षणावर बोलतो. बाईनं शिकावं, मुलीला शाळेतून काढू नये. हे बोलायलाच हवं. पण सावित्रीबाई नुसत्या शिकवत नव्हत्या, त्या लिहीतही होत्या. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली निघाला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या नावानं निघाला. तेव्हा मला विचारायचं आहे, की शिकलेली बाई पुढं लिहिते का? काय लिहिते? आणि तिनं जर प्रेमावर लिहिलं, तर आपण तिचं काय करतो?

बघा, ‘प्रेम’ म्हटल्याबरोबर पदर तोंडाला गेले. मीही अशीच हसले होते. ती चूक आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी याच भागात मी एक शिबिर घेतलं होतं. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या माणसाकडं तयार शब्द फार असतात. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘प्रेमकथा म्हणजे बाईला गुंगीत ठेवणारं औषध’. मालिका, कादंबऱ्या, मोबाईलवरच्या कथा, सगळ्यांना एका दावणीला बांधलं. बायकांनी माना डोलावल्या. शिबिर संपलं. सतरंज्या घड्या करायला एक बाई मागं थांबली. घडी घालता घालता म्हणाली, “ताई, तुम्ही वाचलंय का त्यातलं काही?”

मी वाचलं नव्हतं.

मग तिनं कमरेचा मोबाईल काढला. ‘प्रतिलिपी’ नावाचं अ‍ॅप तुमच्यापैकी काहींच्या मोबाईलमध्ये असेल. २०१४ साली सुरू झालं. त्यावर मराठीत कुणीही लिहू शकतं, कुणीही वाचू शकतं. आणि तिथं क्रमशः प्रेमकथा लिहिणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या, लहान गावांतल्या बाया खूप आहेत. तिनं एक कथा दाखवली. बरेच भाग झालेले. खाली वाचणाऱ्या बायकांचे निरोप, ‘पुढचा भाग कधी?’ मी म्हटलं, “छान आहे, कुणाची?” ती म्हणाली, “माझी.”

तिचं नाव मी सांगणार नाही. तिनं सांगू नको म्हटलंय. ती कोणत्या गावची, कोणत्या गटातली, आज इथं आहे की नाही, हेही शोधू नका. एवढा शब्द मला द्या, मगच पुढं सांगते.

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. झाडलोट, पाणी, चूल आणि गॅस दोन्ही, कारण सिलिंडर पुरवून वापरायचं असतं. सासऱ्यांचा चहा, पोरांचे डबे, म्हशीचं शेण. आठला शेतात. संध्याकाळी आल्यावर परत तोच रहाट. सगळे झोपले की अकराच्या पुढं ती गोधडीत मोबाईल धरते. उजेड अगदी कमी केलेला असतो. तासभर लिहिते. कधी अर्धा तास. कधी डोळाच लागतो आणि मोबाईल तोंडावर पडतो. हे सांगताना ती स्वतःच खूप हसली.

मी विचारलं, तासाभरात एवढं कसं लिहून होतं? तिनं जे सांगितलं, ते मी लिहून ठेवलंय. ती म्हणाली, “लिहिणं रात्री होत नाही ताई. रात्री नुसतं उतरवायचं.” खुरपताना ती दोघांचं भांडण मनात बोलून घेते. एका पातीला त्याचं बोलणं, दुसऱ्या पातीला तिचं. धुणं धुताना भाग कुठं तोडायचा ते ठरवते, म्हणजे वाचणारीला दुसऱ्या दिवशी यावंच लागेल. एखादं चांगलं वाक्य सुचलं आणि विसरेल असं वाटलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे लिटर मांडतात, त्याच चौकोनात ती एक अक्षर टाकते. घरच्यांना वाटतं, दुधाचा हिशेब. तो कादंबरीचा हिशेब असतो.

आपण ‘लेखिका’ म्हटलं की टेबल, खुर्ची, खिडकी डोळ्यासमोर आणतो. पण आपल्या मराठवाड्यात बाईनं रचायची ही रीत फार जुनी आहे. जनाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी राबणारी बाई. दळणकांडण, शेणगोवऱ्या, पाणी, याच कामांत त्यांचे अभंग रचले गेले, आणि ती कामं त्या अभंगांत आली. तुमच्या आज्यांनीही जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हात कामात आणि मन रचण्यात. या बाईनं जात्याच्या जागी खुरपं धरलंय, एवढाच फरक.

पण म्हणून याचं नुसतं कौतुक करून मोकळं होऊ नका. ‘बाई काय, काम करता करताही लिहिते’ असं म्हणणं सोपं आहे. सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत तेव्हा बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. यातला एक तास जरी घरात वाटून घेतला, तर तिला गोधडीत लिहावं लागणार नाही. तिची झोप चोरीला जाते, आणि त्याला आपण तिची हौस म्हणतो.

आता ती काय लिहिते ते सांगते, कारण माझा फळ्यावरचा आरोप त्याबद्दलच होता. तिच्या पहिल्या कथेतला नायक श्रीमंत, तापट. नायिकेला थोबाडीत मारतो, मग पश्चात्ताप करतो, मग दोघांचं जुळतं. वाचणाऱ्यांना फार आवडली. मी म्हटलं, “बघा, मी म्हणत होते तेच.” ती चिडली नाही. म्हणाली, “मला बी तसंच ठाऊक होतं, म्हणून तसं लिहिलं. पण मारल्यानंतरचा भाग लिहायला बसले आणि माझ्याच्यानं पुढं होईना. तिच्या मनात काय आलं असंल, ते मला ठाऊक व्हतं. आणि जे ठाऊक व्हतं त्यात प्रेम नव्हतं.”

ती आठ दिवस अडकली. नंतरच्या कथेत तिनं नायक बदलला. हा साधा आहे, बसस्टँडवर झेरॉक्सचं दुकान चालवतो. बायको दमून आली की चहा टाकतो आणि विचारतो, आज काय झालं? एवढंच. तिच्या वाचक बाया वेड्या झाल्या. एकीनं लिहिलं, ‘असा माणूस कुठं मिळतो?’ मैत्रिणींनो, घरातल्या हिंसेवर मी जी व्याख्यानं दिली, त्यांतल्या किती बायकांनी रात्री पडल्या पडल्या हा प्रश्न स्वतःला विचारला असेल? सगळ्याच प्रेमकथा बाईला शहाणं करतात असं मी म्हणत नाही. मारणारे, ओढून नेणारे, जबरदस्तीनं लग्न करणारे नायक तिथं आजही भरपूर आहेत. पण ते बदलायचे असतील, तर लिहिणाऱ्या बाईशी बोलावं लागेल. तिला हसून ते होणार नाही.

मग ती स्वतःच्या नावानं का लिहीत नाही? मी विचारलं. ती म्हणाली, “ताई, नाव टाकलं की पहिला प्रश्न येणार, कोण गं तो?”

हा प्रश्न आजचा नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचं पुस्तक निघालं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या मुलींच्या मनातली प्रेमाची, सोबतीची ओढ त्यात होती. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण? बाई तरी आहे की पुरुष? प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव गुप्त ठेवलं. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिची नायिका नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसऱ्या पुरुषावर प्रेम करणारी आणि त्याच्यापासून मूल हवं म्हणणारी.

ही बाई म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५, गाव घोडनदी-शिरूर, म्हणून शिरूरकर. वडील शिक्षक. आई दूधदुभत्याचा धंदा चालवणारी कर्ती बाई. स्वतः कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, शिक्षिका झालेल्या. पुढं सोलापूरला, ज्यांना इंग्रज सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलं होतं त्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केलं. त्या अनुभवावरची ‘बळी’ कादंबरी १९५० ची. म्हणजे आपल्यासारखीच, कामाला जाणारी बाई.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. दागिन्यांच्या इतिहासावर ‘अलंकार-मंजूषा’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला, तो स्वतःच्या नावानं. हिंदू कायद्यावर लिहिलं, तेही स्वतःच्या नावानं. बाईनं दागिन्यांवर लिहिलेलं चाललं, धर्मशास्त्रावर लिहिलेलंही चाललं. बाईच्या मनावर लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र दुसरं नाव घ्यावं लागलं.

पुरुषांना त्रास झाला नाही असं नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. पण तिथं आरोपी होतं पुस्तक. बाईनं लिहिलं की पुस्तक बाजूला राहतं आणि बाईच आरोपी होते. पुरुषानं प्रेमावर लिहिलं तर त्याची कल्पनाशक्ती, बाईनं लिहिलं तर तिचं लफडं. बाईलाही कल्पना करता येते, हेच आपल्याला मान्य नसतं.

मी पंधरा वर्षांची असताना वहीत एक गोष्ट लिहिली होती. एक मुलगी आणि तिला रोज बसमध्ये भेटणारा मुलगा. असा मुलगा कुणी नव्हता. घरात ती वही सापडली. कुणी मारलं नाही, नुसतं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मी त्यानंतर अहवाल लिहिले, प्रस्ताव लिहिले, बातमीपत्रं लिहिली. गोष्ट लिहिली नाही. शिबिरात फळ्यावर ते वाक्य मी इतकं जोर देऊन का लिहिलं, हे मला त्या बाईला भेटल्यावर कळलं.

तेव्हा आज तीन गोष्टी मागते.

पहिली, वेळ. आठवड्यातली एक संध्याकाळ बाईची. त्या दिवशी घरात स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. गटात पैशाची बचत करतो, तशी एकमेकींच्या वेळाची करू. एकीची पोरं दुसरीनं सांभाळावीत.

दुसरी, जागा. गटाची बैठक जिथं भरते, ती खोली आठवड्यातून दोन तास लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांसाठी उघडी ठेवा. किल्ली बाईकडं असू द्या. तिथं कुणी काय लिहिते, ते विचारायचं नाही. तिनं वाचून दाखवलं तर ऐकायचं.

तिसरी, नाव. टोपण नाव घेतलं म्हणून हक्क जात नाही. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लिहिल्याबरोबर हक्क मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. टोपण नावानं छापलेल्या लिखाणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा हक्कही कायद्यानं दिलाय. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. मोबाईलवर ‘मान्य’ दाबायच्या आधी अटी कुणाकडून तरी वाचून घ्या, माझ्याकडं आणा.

पण कायदा ‘कोण गं तो?’ हा प्रश्न थांबवू शकत नाही. तो आपणच थांबवायचा आहे, कारण पुष्कळदा तो आपणच विचारतो. पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, गटाच्या बैठकीत. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवत होत्या, पण अभंगाच्या शेवटी नाव जनीचंच घालत होत्या. त्याच जिल्ह्यातली एक बाई आज स्वतःचं नाव लपवून गोधडीत लिहिते आहे. ती आता तिसरी कथा लिहिते आहे. मी रोज वाचते, आणि कालचा भाग तिनं फार वाईट ठिकाणी तोडलाय.

नाव कधी टाकायचं ते तिचं ती ठरवेल. ज्या दिवशी ती टाकेल, त्या दिवशी तिला आपण विचारायचं ते एवढंच, “पुढचा भाग कधी?”

मागं उभ्या असलेल्या मुलींनो, तुमच्यापैकी कुणाच्या दप्तरात तळाशी एखादी वही असेल, तर ती फाडू नका.