कार्डांची पेटी आणि कायद्याची प्रवेशपरीक्षा

मराठी शाळांतून एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी रोज एका सुरात म्हणवून घेत असत. ज्या मुलाला दिडकी अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत असे, तोच मुलगा पंतोजींनी मध्येच ‘सात दिडके किती?’ असे विचारताच गडबडे आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागे. साडेदहा हे उत्तर त्याच्याजवळ होते. परंतु ते ओळीत उभे होते, हाक मारताच एकटे पुढे येत नव्हते. पाठ असणे आणि वेळेवर आठवणे यांतील हा भेद कायद्याच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आज पुन्हा नव्याने ओळखावा लागतो.

बंगळुरू, हैदराबाद, भोपाळ, गांधीनगर इत्यादी ठिकाणच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, तो ‘क्लॅट’ या सामाईक परीक्षेतून. ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. दोन तास, १२० प्रश्न, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा, असे तिचे आजचे स्वरूप आहे. ती इंग्रजीतूनच द्यावी लागते. इंदूरच्या किंवा बेळगावच्या मराठी घरात वाढलेल्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला म्हणून दुहेरी ओझे उचलावे लागते. एक विषयाचे, दुसरे भाषेचे. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी ज्या साधनाकडे वळतात, ते म्हणजे फ्लॅशकार्ड. जाड कागदाचा लहानसा तुकडा, एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर; एवढेच हे साधन.

साधन साधे असले तरी त्यामागील विचार साधा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो, पुढे गळती मंदावते, असे त्यास आढळले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखविले की, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे असतात. आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटून स्वतःला आठवावयास लावणारे पुढे जातात. कार्ड उलटण्यापूर्वी मनाला जो ताण बसतो, तोच खरा अभ्यास होय.

सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली या विचाराला पेटीचे रूप दिले. पेटीत कप्पे करावयाचे. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परतते. पहिला कप्पा रोज उघडावयाचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. त्यामुळे जे येते त्यावर वेळ दवडला जात नाही आणि जे येत नाही ते नजरेआड होत नाही.

एवढे सर्व असूनही भरलेली पेटी विद्यार्थ्याचा घात करू शकते. २०२० पासून क्लॅटमध्ये उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. कायद्याच्या विभागात नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो दिलेल्या प्रसंगास लावावयाचा असतो. समजा, एका कार्डावर लिहिले आहे : ‘अज्ञान व्यक्तीचा करार निरर्थक, मोहोरी बीबी खटला, प्रिव्ही कौन्सिल, १९०३.’ हे खरेच आहे. परंतु उताऱ्यात असे गृहीत धरावयास सांगितले की, वय खोटे सांगणाऱ्या अज्ञानावर त्याचा करार बंधनकारक राहील. तर पेटीच्या भरवशावर बसलेला विद्यार्थी उतारा अर्धाच वाचून ‘निरर्थक’ या पर्यायावर खूण करतो आणि पाव गुणही गमावतो. त्याची स्मृती चुकलेली नसते, ती आगंतुकपणे पुढे आलेली असते.

यावर उपाय पेटी फेकून देणे हा नव्हे, तर कार्डावरील प्रश्न बदलणे हा होय. त्याच खटल्याचे कार्ड असे लिहिता येईल : ‘अज्ञान तरुणाने घर गहाण टाकले, सावकाराच्या माणसाला त्याचे वय ठाऊक होते. करार टिकेल काय, आणि का? सावकार खरोखरच फसला असता तर उत्तर बदलावे काय?’ येथे व्याख्या विचारलेली नाही. कारण विचारले आहे. दुसऱ्या प्रकारची कार्डे शब्दांची असावीत. इंग्रजी संज्ञा पुढे; मागे ‘प्रतिफल’, ‘अपकृत्य’, ‘निष्काळजीपणा’ असा मराठी शब्द आणि एक घरगुती उदाहरण. मातृभाषेत उमगलेली संज्ञा परभाषेत अडखळत नाही. तिसरी आणि सर्वांत मोलाची कार्डे चुकांची. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत ‘काही’ याचा अर्थ ‘सर्व’ असा घेतला, उताऱ्यात नसलेली गोष्ट मनाने जोडली, प्रश्नातील ‘नाही’ दिसलाच नाही. अशी प्रत्येक चूक कार्डावर उतरली तर विद्यार्थ्यास स्वतःच्या बुद्धीच्या खोडी कळू लागतात. अशी कार्डे विकत मिळत नाहीत. ती ज्याची त्यानेच लिहावी लागतात.

पेटीची झाडाझडतीही हवी. खुनाला ‘तीनशेदोन’ आणि लबाडीला ‘चारसोबीस’ म्हणण्याची सवय लोकांच्या जिभेवर रुळली आहे. परंतु १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाच्या शिक्षेचे कलम आता १०३ आहे आणि फसवणुकीचे ३१८. थोरल्या भावंडाकडून वारशाने आलेली पेटी म्हणूनच तपासल्याविना वापरू नये.

दिडकी येणारा मुलगा पुढे दुकानाच्या गादीवर बसला, तेव्हा दीड रुपयाच्या भावाने सात शेरांचे साडेदहा रुपये त्याने क्षणात सांगितले. पण भाव पावणेदोन झाला त्या दिवशी दिडकी बाजूस ठेवण्याचे भानही त्याला ठेवावे लागले. स्मरण हे न्यायबुद्धीचे सेवक आहे; त्याने हाकेसरशी यावे आणि न बोलावता येऊ नये. कायद्याच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा तेवढीच असते.