बोर्डिंगवाल्याला रात्रीचं विचारा

गणपती जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. मुंबईच्या मैत्रिणींचा मेसेज असतो, ‘कोकणकन्याचं जास्तीचं तिकीट आहे का कुणाकडे?’ आणि पुण्यातल्यांचा असतो, ‘अगं, तू चिंगीला कुठे ठेवतेस?’ पहिल्याचं उत्तर माझ्याकडे कधीच नसतं. दुसऱ्यावर आजचा भाग आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. चिंगी म्हणजे आमची कुत्री. देशी, सहा वर्षांची, अठरा किलो वजन, पोळीसाठी काहीही करेल आणि फटाका वाजला की पलंगाखाली. मी आणि नवरा दोघंही आयटीत, राहायला वाकडला, गाव चिपळूणजवळ. पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्याला न जाणं हा पर्याय आमच्या घरात अजून कुणी शोधलेला नाही.

‘सोबत घेऊन जा की’ असं सगळे म्हणतात. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तुमच्या नावावर लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये त्याला टाकायचं. गणपतीच्या गर्दीत कूपे मिळणं म्हणजे लॉटरीच. आम्ही दोन वर्षं गाडीतून नेली. कुंभार्ली घाटात तिच्या उलट्या, घरी पंचवीस पाहुणे, विसर्जनाला ढोल आणि फटाके. ती पाच दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. तेव्हा बाबाच म्हणाले, “पुढच्या वर्षी तिला तिकडेच नीट ठेवा कुठेतरी. तिलाही सुट्टी, आपल्यालाही.”

आता ‘नीट’ म्हणजे काय, ते शोधायला मी मागच्या वर्षी सहा जागा प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. मुळशीच्या बाजूची फार्महाऊसं, बाणेरमधलं एक एसी ‘रिसॉर्ट’, दोन घरगुती बोर्डिंग, म्हणजे कुणीतरी आपल्या फ्लॅटमध्येच चार-पाच कुत्री सांभाळतं ते. मला सांगितलेले दर दिवसाला पाचशेपासून बाराशेपर्यंत होते. इन्स्टावर सगळ्यांचं पेज सारखंच दिसतं. हिरवळ, छोटा स्विमिंग पूल, जीभ बाहेर काढून हसणारे गोल्डन रिट्रीव्हर. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ते सकाळी दहा आणि संध्याकाळी पाचचं असतं. कुत्रा तिथे चोवीस तास असतो.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आधी विचारला, “रात्री इथे कोण झोपतं?”

एका फार्महाऊसवर मालक खूप गोड बोलत होते, ॲपवर लाईव्ह कॅमेरा वगैरे दाखवत होते. हा प्रश्न आल्यावर ते जरा थांबले. मग तिथे काम करणाऱ्या दादांनीच उत्तर दिलं. “ताई, रात्री मी एकटाच असतो. नऊला सगळे आत घालतो, सकाळी सहाला सोडतो.” किती कुत्री? “आत्ता बारा. गणपतीत, दिवाळीत तीसपर्यंत जातात.”

आता हिशोब करा. रात्री नऊ ते सकाळी सहा, नऊ तास, तीस कुत्री, एक माणूस, आणि तो माणूस दिवसभर राबून झोपलेला. कॅमेरा चालू आहे, पण तो बघतंय कोण? आपण आयटीवाले आहोत, आपल्याला हे कळायला हवं. मॉनिटरिंग लावलं आणि ऑन-कॉल कुणीच नसलं तर तो नुसता डॅशबोर्ड आहे. रात्री दोनला एखाद्या जर्मन शेफर्डचं पोट फुगलं, म्हणजे ब्लोट झालं, तर मोठ्या छातीच्या कुत्र्यांत ते काही तासांत जीव घेतं. सकाळी सहाला कळून उपयोग नाही. त्या दादांवर माझा राग नाही हं. ते खरं बोलले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, “सणाला मालक माणूस वाढवत नाहीत, कुत्री वाढवतात.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाही.

त्यामुळे तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा आत्ता किती कुत्री आहेत हे विचारूच नका. तुम्ही ज्या आठवड्यात ठेवणार त्या आठवड्यात किती घेणार आणि तेव्हा माणसं किती, हे विचारा. आणि शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा, आत घालायच्या वेळेला जा. ‘त्या वेळी येऊ नका, कुत्री डिस्टर्ब होतात’ असं म्हणाले तर त्यातही थोडं तथ्य आहे. पण आतल्या खोल्या एकदाही दाखवायला तयार नसतील तर मी तरी तिथे ठेवणार नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे गेट. बाहेरचं गेट आणि आतलं गेट, अशी दोन हवीत आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आपण सोडून निघालो की पहिल्या काही तासांत कुत्रा आपल्या मागे यायला बघतो. नवीन जागा, घाबरलेला जीव, आणि दूधवाल्यासाठी उघडलेलं एकच गेट. पळालेला कुत्रा मुळशीच्या रस्त्यावर घराची दिशा कशी शोधणार? पट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला घाला. मायक्रोचिप असेल तर उत्तम, पण चिप वाचायला स्कॅनर लागतो. रस्त्यात सापडलेल्या कुत्र्याचा बिल्ला मात्र चहाच्या टपरीवालाही वाचू शकतो.

आता थोडं विज्ञान. 1997 साली अमेरिकेत ओहायोमध्ये मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या निवारा केंद्रात आलेल्या कुत्र्यांचं कॉर्टिसोल मोजलं. कॉर्टिसोल म्हणजे ताण आला की रक्तात वाढतं ते हार्मोन. पहिल्या तीन दिवसांत ते सगळ्यात जास्त होतं, नंतर कमी व्हायला लागलं. हे बोर्डिंग नव्हतं, बेवारस कुत्र्यांचं केंद्र होतं, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नका. पण बोर्डिंगवाले दादाही हेच सांगतात. पहिले दोन-तीन दिवस जेवत नाहीत, गेटकडे तोंड करून बसतात, मग रुळतात. म्हणजे शनिवार-रविवारसाठी अलिबागला जायचं म्हणून कुत्र्याला बोर्डिंगला टाकलं, तर त्याच्या वाट्याला फक्त तो अवघड भागच येतो. रुळायच्या आत आपण परत. दोन दिवसांसाठी घरी कुणीतरी येऊन राहणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पाच-सात दिवस ठेवायचं असेल तर आधी महिनाभर एक रात्र ट्रायल करा. आपण गावात असताना, फोन लागत असताना. चिंगी ट्रायलच्या रात्री जेवली नाही, सकाळी जेवली. गणपतीत तिला ती जागा, तो वास, तो माणूस ओळखीचा होता.

बरं, आता आजार. इथे जरा सावकाश जाते, कारण इथे खूप गोंधळ असतो.

‘आमचं नाईन इन वन झालंय’ असं सगळे सांगतात. छान. त्यात डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरे येतं. लेप्टो म्हणजे तोच आपला पावसाळ्यातला लेप्टो, उंदरांच्या लघवीतून पसरणारा, माणसालाही होणारा. रेबीजचं वेगळं. पण केनेल कफ करणारा मुख्य जिवाणू, बोर्डेटेला, नाईन इन वनमध्ये नसतो. त्याची लस वेगळी मागावी लागते, आणि ती निघायच्या आदल्या दिवशी देऊन चालत नाही. निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांना गाठा. लस घेऊनही खोकला होऊ शकतो, पण सहसा सौम्य होतो. हा खोकला ओळखायला सोपा. घशात हाड अडकल्यासारखा, कोरडा, मोठ्या आवाजाचा. मालकाला वाटतं काहीतरी गिळलंय.

पिल्लांचे डोस पूर्ण झाले नसतील तर बोर्डिंगला ठेवूच नका. पार्व्होचा विषाणू जागेवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलनं मरत नाही, ब्लीच लागतं. जागा बघायला गेलात की फरशी कशानं पुसता ते विचारा. फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छ, हा आपल्या सगळ्यांचा लाडका गैरसमज आहे.

आणि गोचीड. पावसाळ्यात हा सगळ्यात मोठा धोका, आणि फोटोत कधीच दिसत नाही. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. रक्त पिऊन झालं की ती उतरते आणि भिंतीच्या भेगांत जाऊन अंडी घालते. एक मादी हजारोंनी. त्यामुळे कुत्री रोज बदलली तरी गोचीड तिथेच. आतल्या खोलीत भिंतीच्या कडा आणि दाराच्या चौकटी बघा, मोबाईलचा टॉर्च लावून बघा. मी बघितल्या. बाणेरच्या त्या एसी रिसॉर्टमध्ये चौकटीत होत्या. मुळशीच्या एका साध्या पत्र्याच्या शेडमध्ये नव्हत्या, कारण तिथे भिंतींना गुळगुळीत टाईल्स होत्या.

माझ्या एका मैत्रिणीचा लॅब्रेडॉर बोर्डिंगहून अगदी मजेत घरी आला. पंधरा दिवसांनी जेवणं सोडलं, ताप, नाकातून रक्त. प्लेटलेट अडतीस हजार. टिक फिव्हर. तोपर्यंत बोर्डिंगचा विषय सगळे विसरून गेले होते. ती डॉक्टरांना सांगत होती की काल पार्कमध्ये काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टरांनीच विचारलं, “गेल्या महिन्यात कुठे बाहेर ठेवला होता का?” डॉक्सीसायक्लिन चार आठवडे द्यावं लागलं. वाचला तो. गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, म्हणून घरी आणल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना बोर्डिंगची तारीख स्वतःहून सांगा. जायच्या आधी गोचिडाची गोळी देऊन ठेवा. गोळीचं एक लक्षात ठेवा, ती गोचीड चावल्यावरच तिला मारते. त्यामुळे आल्यावर कान, बोटांच्या मधली जागा, शेपटीखाली हातानं चाचपून बघायचंच.

बोर्डिंगवाल्याशी कागद करा. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कुत्र्याला हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, आखूड साखळीनं तासन् तास बांधणं त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. पार्किंगला जास्त लागतात. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे 2018 च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिल बोर्डिंगला लायसन्स देतं, एक ते पाच स्टार देतं, हॉटेलसारखे. आपल्याकडे ती तपासणी आपणच करायची आहे.

तर कागदावर काय हवं? आपण रजेवर जाताना हँडओव्हर लिहितो तसंच. काय खातो, किती, किती वाजता. औषधं. कशाला घाबरतो. खाणं आपलंच मोजून पाकिटं करून द्या, कारण अचानक खाणं बदललं की जुलाब ठरलेले. न धुतलेली एखादी जुनी चादर किंवा गोधडी द्या, घरच्या वासाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं आणि तुम्हाला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा. का? कारण आमच्या गावात रेंज येते ती विहिरीजवळ, तीही एकाच कंपनीची. आरतीच्या वेळी फोन आला आणि लागला नाही, तर तिकडे डॉक्टर सलाईन लावायला परवानगीची वाट बघत बसणार. म्हणून मी माझ्या शेजारच्या काकूंचा नंबर दिला आणि लिहून दिलं, की या जे ठरवतील ते मला मान्य. काकूंनी आधी विचारलं, “अगं, मी काय ठरवणार?” मग म्हणाल्या, “दे नंबर. पण रोज एक फोटो मलाही यायला हवा.”

सगळ्याच कुत्र्यांसाठी बोर्डिंग नाही, हेही सांगते. पग, शिह त्झू, बुलडॉग यांची नाकं चपटी. धापा टाकूनच कुत्रा अंग थंड करतो आणि यांना ते नीट जमत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये यांना ठेवू नका, कितीही मोठं कूलर दाखवलं तरी. म्हातारी कुत्री, डोळ्यांनी कमी दिसणारी, फिट येणारी, यांना घरातच ओळखीचं माणूस हवं. आणि दिवाळीत फटाक्यांना घाबरणारं कुत्रं असेल तर गावाबाहेरचं फार्म शांत असेल असं धरून चालू नका. आजूबाजूला लग्नाची लॉन्स असतात. गूगल मॅपवर बघून घ्या.

सोडताना लांबड लावू नका. माझा नवरा गेटवर दहा मिनिटं तिला मिठी मारून बसला होता आणि ती त्याच्याकडे बघून जास्तच कुईकुई करत होती. दादा शेवटी म्हणाले, “साहेब, तुम्ही निघा, ती माझ्याजवळ बसेल.”

घरी आणल्यावर पहिला दिवस ती नुसती झोपते, आवाज बसलेला असतो, पाणी ढसाढसा पिते. थोडं थोडं द्या, जेवणही अर्धंच. दुसऱ्या दिवशी ठीक नसेल तर डॉक्टर.

यंदाचं बुकिंग आम्ही जूनमध्येच केलं. त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. रात्री तिथे दोन जण झोपतात, सणालाही, आणि पंधराच्या वर कुत्री घेत नाहीत. ट्रायलची रात्र पुढच्या शनिवारी आहे, चादर काढून ठेवली आहे. चला, आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.