अमर पेशींची अशुद्ध प्रत



पोथ्या हाताने नकलून घेण्याच्या काळात लेखकूची एक चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरत असे. एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती याच कारणाने. मानवी पेशीलाही विभागण्यापूर्वी सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते. फरक इतकाच, की तिचा शुद्धिकार सदैव हजर असतो. चुकीचे अक्षर जुळलेले दिसताच काही प्रथिने नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून काढतात आणि जुन्या धाग्यावरून तो पुन्हा लिहिला जातो.

काचपात्रात वाढवलेली निरोगी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. काही पेशी मात्र थांबत नाहीत. बाल्टिमोर येथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या ‘हेला’ पेशी आजही वाढत आहेत. ती स्वतः त्याच वर्षी, अवघ्या एकतीस वर्षांची असताना गेली. त्या पेशींत शिरलेल्या पॅपिलोमा विषाणूचे एक प्रथिन पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते. डीएनए बिघडला की विभाजन रोखून दुरुस्तीला उसंत द्यायची आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरू द्यायचे, हे पी-५३चे काम. अमरत्व हा आपल्याकडे मोठा उदात्त शब्द. येथे तो पहारेकऱ्याच्या गैरहजेरीत मिळालेला आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या एचसीटी-११६ या पेशीवंशाची कथा अधिक बोधप्रद आहे. त्यात पी-५३ शाबूत आहे. पण तिसऱ्या गुणसूत्रावरील एमएलएच-१ हे शुद्धिकाराचे जनुक निकामी. १९९४ मध्ये संशोधकांनी त्या पेशींत निरोगी तिसरे गुणसूत्र घातले. दुरुस्ती सुरू झाली. आणि ज्या रसायनाला पेशी पूर्वी दाद देत नव्हत्या, त्यानेच त्या मरू लागल्या! हे रसायन डीएनएच्या अक्षराला मिथिल गट चिकटवते, त्यामुळे नकलेत चुकीचे अक्षर जुळते. शुद्धिकार नवा धागा कापतो. पण दोष जुन्या धाग्यात असल्याने तीच चूक पुन्हा लिहिली जाते. या निष्फळ खटपटीत पेशी अखेर मरते. शुद्धिकार नसेल, तर ती चूक तशीच वागवत जगते.

मेंदूच्या गाठींवर दिले जाणारे टेमोझोलोमाइड हे औषध याच वाटेने काम करते. ते केवळ अशा पेशींवर तपासले, तर निरुपयोगी ठरेल. दोष औषधाच्या माथी, खोट प्रतीत. म्हणूनच पेशीवंश हाती घेणाऱ्याने त्यातील काय मोडले आहे, हे आधी विचारायला हवे.

मोडलेले ठाऊक असले, की तेच उपयोगी पडते. झेरोडर्मा पिगमेंटोसम या रोगात मुलांना ऊन सोसत नाही, कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग होतो. या रुग्णांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. पुढे ओसाका येथे कियोजी तानाका आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या अमर केलेल्या पेशींत उंदराचा डीएनए घातला आणि अतिनील किरणांतून तगलेल्या पेशी वेचल्या. त्यांना तारणारा तुकडा १९८९ मध्ये हाती आला. त्याच्याच आधारे मानवी जनुक सापडले, एक्सपीए. जपानमधील या रुग्णांत याच जनुकाचा दोष सर्वाधिक आढळतो, आणि तेथील मुलांचे निदान आता जनुक तपासून करता येते.