काडीतला विस्तव

काडेपेटी येण्यापूर्वी घरात विस्तव पेटवण्यापेक्षा तो विझू न देण्याचीच खटपट मोठी असे. रात्री चूल निवली की जळती गोवरी राखेत पुरून ठेवायची, पहाटे राख सारून त्या निखाऱ्यावर वाळक्या काटक्या घालायच्या आणि फुंकणीने फुंकायचे, हा घरोघरचा नेम होता. निखारा विझलाच, तर शेजारी विस्तव मागायला जावे लागे. गारगोटीवर चकमक घासून ठिणगी पाडता येई. पण ती कापसावर धरून फुलवायला हात बसलेला लागे, आणि पावसाळ्यात कापूस सर्दावला की सगळेच मुसळ केरात. युरोपातल्या घरांतही गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि जळक्या चिंधीची डबी याच सरंजामावर दिवस काढले जात.

घासताच पेटणारी काडी प्रथम बनवली ती उत्तर इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज या गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने, १८२६ साली. अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट गोंदात कालवून त्याने काडीच्या टोकाला लावले. दुमडलेल्या काचकागदात काडी धरून ओढली की ती पेट घेई. ७ एप्रिल १८२७ रोजी त्याच्या वहीत या काड्यांच्या विक्रीची पहिली नोंद झाली. वॉकरने पेटंट घेतले नाही, त्यामुळे नक्कल करणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. त्याच सुमारास आम्लाची इवलीशी काचकुपी कागदात गुंडाळलेली आणखी एक काडी निघाली होती. ती कुपी दाताने फोडली की जाळ निघे. चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात अशा काड्या बाळगून होता. उरुग्वेमध्ये ही करामत पाहायला घरातली झाडून सारी माणसे गोळा होत, आणि एका काडीसाठी त्याला एक डॉलर देऊ केला गेला होता.

१८३० नंतर काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला. आता भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही ओढली तरी काडी पेटू लागली. माल स्वस्त झाला आणि खप अफाट वाढला. पण पांढरा फॉस्फरस हे जहाल विष. कारखान्यात त्याची वाफ दिवसभर नाकातोंडात जाई. आधी दात ठणकत, मग हिरड्या सुजत आणि शेवटी जबड्याचे हाडच सडू लागे. जबडा कापून काढण्यापलीकडे फारसा इलाज नसे. या कामावर मुख्यतः गरीब बायका आणि मुले असत, हे विसरता येत नाही.

यावर उतारा सापडायला वेळ लागला नव्हता. व्हिएन्नाच्या आंटोन श्रोटर याने १८४५ मध्ये तांबडा फॉस्फरस तयार केला. तो विषारी नव्हता आणि हवेत आपोआप पेटतही नव्हता. स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याची युक्ती त्याहून मोलाची होती: फॉस्फरस काडीवर न ठेवता पेटीच्या कडेला लावायचा. योन्शोपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी तिचा धंदा उभारला आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काडेपेटीचा गौरव झाला.

आजची काडेपेटी हीच. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस. पेटीच्या कडेवरच्या काळपट-तांबड्या पट्टीत तांबडा फॉस्फरस आणि पुन्हा काचपूड. काडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरच्या फॉस्फरसचा कणभर भाग भडकतो, त्या धगीने क्लोरेट प्राणवायू सोडतो आणि गंधक पेट घेते. गुलाखालच्या लाकडात मेण मुरवलेले असते, म्हणून जाळ काडीवर सरकतो. काडी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेली असते, म्हणून फुंकर मारल्यावर ती धुमसत राहत नाही. एवढा विचार त्या दोन बोटांच्या काडीत आहे.

तरीही विषारी काड्या पुढे पन्नास वर्षे निघतच राहिल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि कुठेही पेटत होत्या. नुसत्या शोधाने हे थांबले नाही. त्यासाठी माणसांना झगडावे लागले. १८८८ च्या जुलैमध्ये लंडनमधल्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या सुमारे १४०० बायका आणि मुली संपावर गेल्या. तुटपुंजी मजुरी आणि कापला जाणारा दंड यांचा हा उद्रेक होता. त्यांची कैफियत छापून गवगवा करणाऱ्या ॲनी बेझंट पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९१६ मध्ये, लोकमान्य टिळकांनी आपली होमरूल लीग काढली त्याच वर्षी, त्यांनीही स्वतःची लीग उभी केली. १९०६ च्या बर्न येथील करारात काही राष्ट्रांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी मान्य केली. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ मध्ये झाला.

तोवर इथे बहुतेक काडेपेट्या स्वीडन आणि जपानहून येत. १९२२ मध्ये आयातीवरची जकात वाढली, तेव्हा एका स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने काढायचे ठरवले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा, कारखाना अंबरनाथला होता. तिथला विम्को नाका त्याच नावाचा. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या कोरडवाहू शिवकाशीत हाताने काड्या करण्याचा धंदा रुजला. यंत्राशी टक्कर देत तो टिकला, तो मुख्यतः बायकांच्या स्वस्त मजुरीवर. लहान मुलांनाही त्यात दीर्घकाळ जुंपले गेले, आणि १९८६ च्या कायद्याने या कामात त्यांना लावण्यास मनाई केली.

काडेपेटीने निखारा जपण्याची जबाबदारी घरच्या बाईच्या डोक्यावरून उतरवली. चूल हवी तेव्हा पेटू लागली, रात्री-अपरात्री दिवा लावणे सोपे झाले. त्याबरोबर विडी-सिगारेटही सोपी झाली, आणि वैरणीच्या गंजीला आग लावायला एक काडी पुरेशी ठरली. गॅसचा लायटर आल्यावर स्वयंपाकघरातले तिचे काम कमी झाले. देवघरात आणि वीज गेल्यावर मात्र ती लागतेच. भारतात चौदा वर्षे एक रुपयाला मिळणारी पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली.