वयाचा रकाना

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, आणि लेकरांच्या अंगावरचा गाऊन बघायला आजचा रोज बुडवून आलेल्या आईबापांनो,

तेरखेड्यात उभं राहून फटाक्यांविषयी बोललो नाही, तर मी तुमच्याशी खोटं वागेन. वाशी तालुक्यातल्या या गावाला लोक मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. दारू भरणारे, वाती लावणारे हात तुमच्याच घरातले. स्फोट झाला की आपलं माणूस आज कुठल्या शेडवर आहे, हेच आधी आठवतं.

अशाच एका स्फोटात गेलेल्या मुलाच्या भरपाईचा दावा मी वकील म्हणून चालवत होतो. कागदावर वय होतं ‘अंदाजे 40’. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मृत्यू झाला तर महिन्याची निम्मी मजुरी घेऊन तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणत असत. पंचविशीला तो आकडा होता 216.91, चाळिशीला 184.17. मजुरी 8,000 रुपये धरा. पंचविशीच्या मुलामागे 8,67,640 रुपये येतात, चाळिशीच्या माणसामागे 7,36,680. कुणीतरी घाईत लिहिलेल्या एका ‘अंदाजे’ने घरातले 1,30,960 रुपये गेले असते. आणि हजेरीपटावर नावच नसेल, तर मुळात मजुरी सिद्ध करतानाच दमछाक होते.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अपघाताने भाजून’. यातून पुढच्या शेडमधल्या माणसाला काय कळणार? गंधकाच्या मिश्रणात क्लोरेट पडलं होतं का? ते घासलं तरी पेटतं. अंगावर नायलॉनचे कपडे होते का? एका शेडमध्ये किती जण बसले होते? हे लिहिलं नाही, तर पुढचा स्फोटही त्याच कारणाने होतो. शेडमध्ये दारू भरताना गेलेल्या बाईच्या नावापुढे ‘व्यवसाय : घरकाम’ लिहिलेलंही मी पाहिलं आहे. तिचं मरण कामगारांच्या मोजणीत येतच नाही.

स्फोट निदान ऐकू तरी येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 साली जगात कामापायी सुमारे 29.3 लाख माणसं गेली. त्यात अपघाताने गेलेली 3.3 लाख, बाकीची कामातून जडलेल्या आजारांनी. छातीत साचलेल्या धुळीचा पंचनामा होत नाही.

कधी तर नावाचाच रकाना रिकामा राहतो. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 25 मार्च 1911 रोजी आग लागली. 146 जण गेले, बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. त्यातल्या सहा जणांची ओळख मायकेल हर्श या अभ्यासकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून पटवली, ती 2011 साली. नाव लागायला शंभर वर्षं गेली.

तुमच्यातलं कुणी उद्या तलाठी होईल, कुणी पोलीस, कुणी दवाखान्यात नोंदवहीवर बसेल. हे रकाने तुमच्याच हातात येणार आहेत. ‘अंदाजे’ लिहिण्याआधी बाहेर बसलेल्या माणसांना विचारा.

मी त्या मुलाच्या आईला विचारलं होतं. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. पण किल्लारीचा भूकंप झाला, त्या रात्री तो पोटात होता आणि पाचवा महिना होता, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे 30 सप्टेंबर 1993. तिथून महिने मोजले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निर्गम उतारा काढला. फेब्रुवारी 1994. निकालपत्रात वय 25 लागलं. आईने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.