डिजिटल स्वाक्षरी आणि अभिलेखांचे जतन

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीस कायद्याची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबारा उताराही अशा स्वाक्षरीने मिळू लागला. दस्तऐवजातील एक अक्षर बदलले, तरी पडताळणीत ते उघड होते. परंतु स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत काही वर्षांचीच असते; जमिनीचा दस्तऐवज मात्र पिढ्यान्‌पिढ्या लागतो. म्हणून मुदत संपण्यापूर्वीच त्यावर विश्वसनीय कालमुद्रा उमटवावी, पडताळणीचा पुरावा सोबत जतन करावा आणि कालमुद्रेचेही वेळोवेळी नूतनीकरण करावे. दस्तऐवजाचे संगणकीय स्वरूप बदलल्यास जुनी स्वाक्षरी नव्या प्रतीस लागू पडत नाही. यास्तव मूळ प्रतही सांभाळावी. प्रत्येक कार्यालयाने या मुदतींची नोंदवही ठेवल्यास आजच्या दस्तऐवजाची साक्ष उद्याच्या वारसांनाही उपयोगी पडेल.